म्हातारपण म्हणून सोडून दिलेली चाल : पुण्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस या आजाराचं आहे. यात मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये पाणी साठत जातं. आधी चाल बिघडते, मग लघवीवरचा ताबा सुटतो, विसरणं वाढतं. उतारवयात मेंदूचे जे आजार होतात त्यांत उपचाराने माणूस पुन्हा चालता होतो असे आजार मोजकेच आहेत, आणि हा त्यांतला एक. म्हणूनच तो दोन वर्षं ओळखला गेला नाही याची मला फार हळहळ वाटते. या रुग्णाच्या चालण्याची मोजणी फिजिओथेरपिस्ट म्हणून माझ्याकडे होती, त्यामुळे निर्णय कसकसे होत गेले ते जवळून पाहता आलं. कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

काकू ७३ वर्षांच्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. यजमान गेल्यापासून सिंहगड रस्त्यावर लेक-जावयाकडे राहतात, मुलगा नाशिकला असतो. मधुमेह जुना पण गोळ्यांवर आटोक्यात. हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेलची गोळी चालू. सोसायटीत संध्याकाळच्या फेऱ्या, गुरुवारी भजनी मंडळ आणि चतुर्थीला पीएमटीने सारसबागेच्या गणपतीला जाणं, हा त्यांचा नेम होता.

पहिली कुरबुर बसच्या पायरीवर सुरू झाली. पाय वर घ्यायला वेळ लागायचा, मागचे लोक घाई करायचे. मग घरातल्या घरात बाथरूमच्या दारात थबकायला व्हायला लागलं. "पाय उचलतच नाही गं, जमिनीला चिकटल्यासारखा होतो," असं त्या लेकीला म्हणायच्या. दुखणं मात्र कुठेच नव्हतं. हळूहळू चतुर्थी बंद झाली, मग भजन, मग फेऱ्या. घरच्यांनी गुडघ्यांना दोष दिला.

अडचण कशी वाढत गेली

प्रत्येक लक्षण वेगळ्या दारात गेलं. गुडघ्यांच्या एक्स-रेत झीज दिसली, पट्टा आणि व्यायाम मिळाले. लघवीची घाई होते म्हटल्यावर संसर्ग समजून प्रतिजैविकं झाली, मग मूत्राशय सैल करणारी ऑक्सिब्युटिनिनची गोळी सुरू झाली. विसरायला होतं म्हटल्यावर बी-१२ आणि थायरॉइड तपासून झालं. दोन्ही ठीक निघालं आणि "वयोमानाप्रमाणे आहे" असं सांगण्यात आलं. पुढे कमरेचा एमआरआय काढला. त्यात चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली जागा अरुंद झालेली दिसली, तेव्हा कमरेच्या ऑपरेशनचा सल्ला आला. दुसऱ्या एका डॉक्टरांना पार्किन्सनची शंका आली. त्यावरचं औषध लेव्होडोपा पुरेशा मात्रेत तीन महिने देऊन पाहिलं, चालीत फरक पडला नाही.

यातला कुठलाही सल्ला आडमुठा नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. ७३ व्या वर्षी गुडघे झिजलेले असतात, कमरेच्या एमआरआयमध्ये काही ना काही निघतंच, मधुमेहात लघवीचे संसर्ग होतात. ज्याच्या त्याच्या समोर जे मांडलं गेलं त्याचं उत्तर प्रत्येकाने दिलं. चाल, लघवी आणि विसरणं या तिन्ही गोष्टी एकाच टेबलावर एकत्र आल्या नाहीत, खोट तिथे होती.

आणि त्या का आल्या नाहीत, याचं कारण फाइलमध्ये सापडत नाही. डॉक्टरांकडे काकूंना बहुतेक वेळा जावई घेऊन जायचे. ते अतिशय मायेने करायचे, सुट्टी टाकून जायचे, आत शेजारी बसायचे. जावयासमोर "कपड्यात लघवी होते" हे काकूंच्या पिढीतली बाई सांगेल कशी? त्या "जरा घाई होते" एवढंच म्हणायच्या. कपाटात साड्यांच्या मागे पॅडची पाकिटं होती आणि दुपारचं पाणी पिणं त्यांनी जवळजवळ बंद केलं होतं. घरी व्यायामाला गेले असताना लेक स्वयंपाकघरात होती, तेव्हा मी सरळ विचारलं, "काकू, रात्री उठून बाथरूमपर्यंत कोरड्या पोचता का?" त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग सगळं सांगितलं. पुढचा सगळा प्रवास या उत्तरावर उभा आहे.

ऑक्सिब्युटिनिनबद्दलही इथेच सांगायला हवं. मूत्राशयाचं आकुंचन ज्या रासायनिक संदेशामुळे होतं तो ही गोळी अडवते, आणि मेंदूत स्मरणासाठी तोच संदेश लागतो. वयस्कर माणसात ती विसरणं आणि गोंधळ वाढवू शकते. काकूंच्या बाबतीत गॅस चालू राहणं, दुधाच्या हिशोबात चुकणं हे गोळीनंतर ठळक झालं होतं. डॉक्टरांना विचारून ती थांबवली तेव्हा गोंधळ थोडा निवळला, पण चाल तशीच राहिली.

चाल पाहताना काय दिसलं

कमरेत नस दबलेली असली तर माणूस ठरावीक अंतर चालून थांबतो, पोटऱ्या भरून येतात, मुंग्या येतात आणि पुढे वाकलं किंवा बसलं की बरं वाटतं. काकूंना चालताना त्रास व्हायचा तो पहिल्याच पावलाला. दोन पायांत अंतर ठेवून त्या चालायच्या, पावलं आखूड आणि जमीन न सोडणारी, वळताना पाच-सहा छोटी पावलं घ्यायच्या. पार्किन्सनमध्येही पावलं आखूड होतात, पण पाय सहसा जवळ असतात आणि हातांचे हेलकावे कमी होतात. काकूंचे हात छान हलत होते.

मानेतला मज्जारज्जू दबला तरी चाल अशीच अवघडते आणि ते सहज निसटतं, म्हणून हातही पाहिले. ब्लाउजची हुकं त्या स्वतः लावत होत्या. मूठ झटपट उघडझाप करणं, दहा सेकंदांत वीसच्या आसपास, त्यांना जमत होतं. मधल्या बोटाच्या टोकाला टिचकी मारल्यावर अंगठा आत ओढला जात नव्हता. मानेकडची शंका बरीच कमी झाली.

मग न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवताना चिठ्ठीत तिन्ही लक्षणं एका ओळीत, सुरू झाल्याच्या क्रमाने लिहिली आणि चालण्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ सोबत दिला.

जुना सीटी स्कॅन

न्यूरॉलॉजिस्टनी पहिला प्रश्न विचारला तो डोक्याचा आधी काढलेला एखादा स्कॅन आहे का, हा. होता. दीड वर्षापूर्वी बाथरूममध्ये पडल्या तेव्हा रक्तस्राव नाही ना हे पाहायला सीटी काढला होता. अहवालात "रक्तस्राव नाही, वयानुरूप मेंदूचा संकोच" असं होतं आणि तो फाइलमध्ये खाली गेला होता. डॉक्टरांनी फिल्म स्वतः मोजली. मेंदूतल्या पुढच्या पोकळ्यांची रुंदी भागिले कवटीची आतली रुंदी, याला इव्हान्स इंडेक्स म्हणतात. तो ०.३ च्या वर गेला तर पोकळ्या मोठ्या मानतात. जुन्या फिल्मवर तो ०.३३ होता, नव्या एमआरआयवर ०.३६.

नुसत्या आकड्यावर निदान होत नाही, कारण मेंदू आकसला तरी पोकळ्या मोठ्या दिसतात. फरक माथ्याकडे पाहून कळतो. मेंदू आकसला असेल तर माथ्याजवळच्या घड्यांमधली जागाही रुंदावते. काकूंच्या एमआरआयमध्ये माथ्याजवळच्या घड्या उलट दाटलेल्या होत्या आणि बाजूच्या मोठ्या फटी फुगलेल्या. पोकळ्या आणि घड्या यांच्यातली ही विसंगती जपानी संशोधकांनी या आजाराची खूण म्हणून पुढे आणली आहे.

समोरचे पर्याय

कमरेचं ऑपरेशन करण्याचा एक रस्ता होता. अरुंद जागा खरीच होती, पण ती चालीचं कारण असल्याच्या खुणा नव्हत्या. दुसरा रस्ता काहीच न करण्याचा. मुलगा याच बाजूचा होता. "ताई, या वयात आईच्या डोक्याला हात लावायचा? आहे ते वाईट का आहे?" असं तो फोनवर म्हणाला. लेकीला रात्रीत तीनदा उठून आईला धरून न्यावं लागत होतं, तिच्यासाठी "आहे ते" वेगळं होतं. दोघांच्या बोलण्यात तथ्य होतं, आणि दोघांचं म्हणणं एकाच आईच्या काळजीतून येत होतं.

तिसरा रस्ता एमआरआयवर भरवसा ठेवून थेट शंट, म्हणजे मेंदूतलं जास्तीचं पाणी पोटात वळवणारी नळी, बसवण्याचा. चौथा, आधी कमरेतून पाणी काढून चालीत फरक पडतो का ते पाहण्याचा. शरीरात मेंदू आणि मज्जारज्जूभोवती साधारण १५० मिलिलिटर पाणी असतं आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवं तयार होतं. त्यातलं ३० ते ५० मिलिलिटर काढलं तर अशा रुग्णाची चाल काही काळ सुधारू शकते. हा रस्ता निवडला गेला, मुख्यतः मुलासाठी. मोठ्या ऑपरेशनला हो म्हणण्याआधी त्याला डोळ्यांनी काही दिसायला हवं होतं, आणि ही मागणी रास्त होती.

पाणी काढल्यावरचे चोवीस तास

हृदयतज्ज्ञांना विचारून क्लोपिडोग्रेल आधी काही दिवस थांबवली. ४० मिलिलिटर पाणी काढलं, दाब नेहमीच्या मर्यादेत होता. या आजाराच्या नावातलं 'नॉर्मल प्रेशर' ते हेच.

आदल्या दिवशी मी वॉर्डाच्या बोळात दहा मीटर अंतर आखून घेतलं होतं. तेच बूट, तीच वेळ, मोजणारी मीच, काठी नाही. काकूंना २१ सेकंद आणि ३४ पावलं लागली. पाणी काढल्यावर तीन तासांनी २० सेकंद, ३३ पावलं. फाइलमध्ये "लक्षणीय सुधारणा नाही" अशी नोंद झाली आणि डिस्चार्जची तयारी सुरू झाली.

या प्रकरणातला सगळ्यात नाजूक निर्णय इथे होता. सुधारणा कधी काही तासांत दिसते, कधी दुसऱ्या दिवशी, त्यामुळे एकाच मोजणीवर चाचणी संपवणं बरोबर नव्हतं. रात्रभर राहायचं तर त्या खोलीचं भाडं मेडिक्लेममधून मिळणार नव्हतं. लेकीने विचारलं, "मॅडम, उद्या फरक पडेलच का?" पडेलच असं सांगणं शक्य नव्हतं. मोजल्याशिवाय घरी गेलो तर कायमची शंका राहील, एवढं सांगितलं. ती थांबली.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी १५ सेकंद, २५ पावलं. वळताना तीन पावलं. रात्री काकू दोनदा उठल्या होत्या आणि दोन्ही वेळा कोरड्या पोचल्या होत्या. व्हिडिओ नाशिकला गेला. मुलाचा फोन अर्ध्या तासात आला.

फरक दिसला नसता तरी दार बंद झालं नसतं. या चाचणीत फरक दिसला नाही म्हणून आजार नाहीच, असा अर्थ निघत नाही. शंटने बरे होणारे अनेक रुग्ण या एका चाचणीत निसटतात, आणि मग कमरेत नळी ठेवून दोन-तीन दिवस पाणी काढत राहण्याची लांबलेली चाचणी करता येते.

संशोधनासाठी नमुना

पाणी काढायच्या आधी आणखी एक गोष्ट घडली. स्मृतिभ्रंशातल्या प्रथिनांवरच्या एका अभ्यासासाठी काढलेल्या पाण्यातला थोडा भाग मिळेल का, अशी विचारणा झाली. ते पाणी एरवी टाकूनच दिलं जातं, जास्तीची सुई टोचायची नव्हती. लेक लगेच म्हणाली, "मी सही करते."

संशोधन समन्वयकाने तिला थांबवलं, आणि ते मला फार आवडलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमती देण्याची क्षमता नसलेल्या माणसाच्या वतीने कायदेशीर प्रतिनिधी सही करू शकतो. पण विसरभोळेपणा आहे म्हणजे क्षमता नाहीच, असं धरून चालत नाही. काकूंना सकाळी, ताज्या असताना, मराठीत समजावलं आणि त्यांच्याच शब्दांत परत सांगायला लावलं. त्या म्हणाल्या, "कमरेतलं पाणी काढणारच आहेत. त्यातलं थोडं शिकायला ठेवणार. मी नको म्हटलं तरी माझं औषधपाणी थांबणार नाही." समज पुरेशी होती. सही त्यांनी स्वतः केली, वळणदार अक्षरात.

घोळ नंतर झाला. लेकीला वाटत होतं की नमुन्यातून अल्झायमर आहे की नाही हे कळेल. तो अभ्यास होता, तपासणी नव्हती, आणि वैयक्तिक निकाल मिळणार नाहीत असं पत्रकात लिहिलेलं होतं. प्रश्न मात्र खरा होता. या आजाराच्या बऱ्याच रुग्णांत अल्झायमरचे बदलही सोबत असतात, आणि तसं असेल तर स्मरणशक्तीची आशा कमी धरावी लागते. पैसे भरून तीच प्रथिनं स्वतंत्रपणे तपासता आली असती. न्यूरोसर्जन म्हणाले की निकाल काहीही आला तरी चालीसाठी शंटचा सल्ला बदलणार नाही. काकूंना विचारलं, तर "आत्ता नको" म्हणाल्या. तिथे तो विषय थांबला.

शंटचा निर्णय आणि त्यामागचा पुरावा

१९६५ साली कोलंबियातले न्यूरोसर्जन सालोमोन हाकिम आणि अमेरिकेतले रेमंड ॲडम्स यांनी हा आजार वैद्यकीय जगासमोर मांडला. तेव्हापासून शंट बसवले जात आहेत, पण सबळ पुरावा पुष्कळ उशिरा आला. जपानमधल्या २०१५ सालच्या एका चाचणीत ९३ रुग्ण होते. लगेच शंट बसवलेल्या ४९ पैकी ३२ जण तीन महिन्यांत सुधारले, वाट पाहणाऱ्या ४४ पैकी फक्त दोघे. आकडे बोलके आहेत, तरी आपल्याला ऑपरेशन झालं हे रुग्णांना ठाऊक होतं आणि आशेनेही पाय उचलले जातात. काकूंचा निर्णय झाला तेव्हा मुख्यतः एवढंच हाती होतं, आणि न्यूरोसर्जननी ते भावंडांना तसंच सांगितलं.

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेन्स चाचणीने हा प्रश्न थेट हाताळला. ९९ रुग्णांना शंट बसवला, पण निम्म्यांच्या नळीतली झडप अशी लावली की पाणी वाहूच नये. कुणाची चालू, कुणाची बंद, हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि मोजणाऱ्यालाही नाही. तीन महिन्यांनी चालू झडपेच्या गटाचा वेग सेकंदाला सरासरी ०.२३ मीटरने वाढला, बंद गटाचा ०.०३ ने. पडण्याचं प्रमाण २४ टक्के विरुद्ध ४६ टक्के. दुसरी बाजूही त्याच चाचणीत आहे. कवटीखाली रक्त साठण्याच्या घटना आणि उभं राहिल्यावर डोकं दुखणं चालू गटात जास्त होतं.

शंट म्हणजे मेंदूच्या पोकळीतून कानामागच्या झडपेपर्यंत आणि तिथून त्वचेखालून पोटात जाणारी बारीक नळी. झडपेचे दोन प्रकार समोर होते. ठरावीक दाबाची भारतीय बनावटीची झडप पुष्कळ स्वस्त. बाहेरून चुंबकाने दाब बदलता येणारी झडप महाग. काकूंची क्लोपिडोग्रेल पुन्हा सुरू होणार होती, म्हणजे पाणी जास्त वाहून गेलं तर रक्त साठण्याचा धोका. तशा वेळी पुन्हा ऑपरेशन न करता नळाची तोटी आवळावी तसा दाब बदलता यावा, म्हणून भावंडांनी खर्च वाटून घेऊन महाग झडप घेतली.

पुढे काय झालं

ऑपरेशन सुरळीत झालं. तिसऱ्या आठवड्यात उभं राहिलं की डोकं दुखायला लागलं, आडवं झालं की थांबायचं. लेकीने अंगावर न काढता फोन केला. सीटीमध्ये मेंदूच्या दोन्ही बाजूंना पाण्याचा पातळ थर दिसला. झडपेचा दाब ओपीडीत दोन पायऱ्या वाढवला, महिन्याभराच्या सीटीत थर विरला. महाग झडपेचा निर्णय इथे कामी आला.

तीन महिन्यांनी दहा मीटरला १३ सेकंद. सहा महिन्यांनीही तेवढेच. लघवी दिवसा ताब्यात, रात्री कधीतरी निसटते. विसरणं फारसं बदललेलं नाही. दुधाचा हिशोब अजून लेकच ठेवते. हे अपेक्षेप्रमाणे आहे. चाल सगळ्यात जास्त सुधारते, स्मरण सगळ्यात कमी. मुलाने मात्र स्मरण परत येईल अशी आशा धरली होती, आणि ती निराशा त्याला जड गेली.

काय वेगळं करता आलं असतं

चाल बिघडलेल्या प्रत्येक वयस्कर माणसाला लघवी आणि स्मरणाबद्दल विचारायला हवं, आणि ते काही मिनिटं त्या माणसाला एकट्याला विचारायला हवं. सोबत आलेल्या नातेवाइकाला बाहेर बसायला सांगणं आपल्याकडे उद्धटपणाचं वाटतं. रक्तदाब घेण्याच्या निमित्ताने नर्सही ते विचारू शकेल.

सीटीच्या अहवालातले "वयानुरूप" हे शब्द पडलेल्या माणसाच्या बाबतीत तरी पुन्हा तपासायला हवेत. ती फिल्म तेव्हाच मोजली असती तर दीड वर्ष वाचलं असतं, आणि लवकर उपचार झालेल्यांना फायदा जास्त होतो. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या २०१४ सालच्या अभ्यासात ऐंशी ओलांडलेल्यांपैकी ५.९ टक्के लोकांत हा आजार संभवतो असं दिसलं होतं. म्हणजे तो शोधायलाच नको इतका दुर्मीळ नाही.

पाणी काढण्याच्या चाचणीत चोवीस तासांनंतरची मोजणी आधीच ठरलेली आणि खर्चात धरलेली असावी. ती नातेवाइकांच्या ऐपतीवर आणि चिकाटीवर सोडू नये.

संशोधनाच्या संमतीआधी "तुम्हाला यातून स्वतःबद्दल काय कळेल असं वाटतं?" हा एक प्रश्न घरच्यांनाही विचारला असता तर लेकीचा गैरसमज त्याच सकाळी दूर झाला असता. मुलालाही ऑपरेशनपूर्वी चाल, लघवी आणि स्मरण यांबद्दलची अपेक्षा वेगवेगळी लिहून द्यायला हवी होती. एकदा बोलून सांगितलेलं काळजीच्या दिवसांत टिकत नाही.

झडपेच्या नेमलेल्या दाबाचं कार्ड आता काकूंच्या पर्समध्ये असतं, कारण एमआरआयच्या चुंबकाने तो दाब हलू शकतो आणि प्रत्येक एमआरआयनंतर तपासावा लागतो. पुढची मोजणी वर्ष पूर्ण झाल्यावर आहे. अल्झायमरच्या तपासणीचा विषय तेव्हा पुन्हा काढायचा, आणि आधी काकूंना विचारायचं, असं भावंडांचं ठरलं आहे.